अहो म्हणणारी बाई

संध्याकाळी राजाभाऊंची श्रद्धांजली सभा होती, आणि दुपारी आमटीत भात कालवता कालवता सुनेत्राबाईंनी सांगून टाकलं की मी काही बोलणार नाही.

निखिलचा घास हातातच राहिला. कार्यक्रम त्यानेच बसवला होता. बिल्डिंगचा पार्टी हॉल घेतला होता, मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता आणि त्यात शेवटी ‘पत्नी श्रीमती सुनेत्रा सबनीस मनोगत व्यक्त करतील’ असं लिहूनही मोकळा झाला होता. आईला विचारलं नव्हतं. सबनिसांच्या घरात पुरुष न विचारता ठरवतात आणि बायका ऐन वेळी नाही म्हणतात. ही रीत अलिबागहून शारजाला येताना सामानात कुठे हरवली नाही.

“आई, जस्ट दोन मिनिटं. सगळे तेवढ्यासाठी येणारेत,” निखिल म्हणाला.

“दोन मिनिटं काय सांगू? ज्या माणसाचे शनिवार कुठे जायचे हे मला ठाऊक नाही, त्याच्याबद्दल लोकांसमोर काय बोलू? खोटं बोलायचं असेल तर तू बोल.”

शुभ्राने, म्हणजे निखिलच्या बायकोने, कुमुदआत्यांकडे पाहिलं. खास पुण्याहून आलेल्या, राजाभाऊंच्या या थोरल्या बहिणीने लोणच्याकडे पाहिलं. दोघींचं ते बघणं सुनेत्राबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. हल्ली त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नव्हतं.

राजाभाऊ गेले त्याला तीन आठवडे होत आले होते. ॲडव्होकेट राजाराम सबनीस, सत्तरीला टेकलेले, पण गाडीच्या डिकीत रॅकेट, बॅट आणि हवा भरलेला व्हॉलीबॉल कायम. दर शनिवारी पहाटे निघायचे. फुजैराला क्लायंट आहेत, म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. मालकांनी वाऱ्यावर सोडलेली जहाजं तिथे बंदराबाहेर नांगर टाकून पडून असत आणि त्यांवरच्या खलाशांना खाली उतरवणं हे राजाभाऊंचं आयुष्यभराचं काम होतं. पण त्या शनिवारी फोन आला तो खोर फक्कानच्या हॉस्पिटलमधून. फुजैराला जायचं तर त्या दुसऱ्या गावी थांबायचं कारण काय?

सुनेत्राबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. केरळी नर्सने त्यांना हाताला धरून बसवलं आणि हिंदीत म्हणाली, “वो मॅडम अभी गया. बहुत रोया.” कोण मॅडम ते तिला सांगता येईना. निखिल मागेच उभा होता. “असेल गं क्लायंटच्या ऑफिसमधली कोणीतरी,” तो म्हणाला, आणि बिलाच्या खिडकीकडे निघून गेला.

सुनेत्राबाई तेव्हा रडल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. भेटायला येणाऱ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. बाई खंबीर वगैरे काही नव्हती, बाई विचारात पडली होती. दर शनिवारी हा माणूस न्हाऊन घरी यायचा. शर्ट दुसरा असायचा आणि केसांना यायचा तो घरातल्या साबणाचा वास नसायचा. क्लायंटकडून न्हाऊन कोण येतं? हा प्रश्न पूर्वीही एकदा पडला होता. तेव्हा राजाभाऊंनी टेबलाशी बसून सगळ्यांसाठी पपई कापायला घेतली होती, नातीच्या ताटलीत बिया काढून फोडी ठेवल्या होत्या, आणि असल्या माणसावर काय संशय घ्यायचा म्हणून तो प्रश्न सुनेत्राबाईंनी गिळला होता. आता तो घशाशी आला होता.

*

शुभ्रा जन्मली शारजात आणि शिकलीही इथेच. तिचं मराठी घरातलं होतं. जेवायला बोलावण्याचं, रागावण्याचं आणि गणपतीतलं. बाहेर पाऊल टाकलं की भैया, सर, मॅडम आणि अगदीच सलगी झाली तर हबीबी.

गेल्या आठवड्यात सभेच्या स्लाइड-शोसाठी फोटो हवे होते म्हणून राजाभाऊंचा फोन तिने मुलीकडे, सृष्टीकडे दिला. फोनचा पासवर्ड घरात एकट्या सृष्टीला ठाऊक होता, कारण आजोबांनी तो तिला विचारूनच ठेवला होता. सिग्नलला गाडी थांबलेली असताना पोरीचं बोट कुठेतरी लागलं आणि एका बाईचा आवाज गाडीत घुमला.

“अहो, निघालात का? उन्हाच्या आत या. पेज करून ठेवते. नि घरी काय बोलू नका हां, तिकडे कळलं तर सगळं माझ्यावर येईल.”

सिग्नल हिरवा झाला तरी शुभ्राचा पाय उचलेना. मागून हॉर्न वाजायला लागले.

“ममा,” सृष्टी म्हणाली, “बट ओन्ली आजी सेज अहो टू आबा.”

हेच शुभ्राच्याही मनात आलं होतं. ‘अहो’ म्हणजे नवरा. तिची आई तिच्या वडिलांना म्हणायची, सासूबाई सासऱ्यांना म्हणायच्या, आणि इन्स्टावर नथ घालून रील करणाऱ्या मुली लिहायच्या, ‘माझे अहो’. याखेरीज हा शब्द तिने कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. एसटीत, बँकेच्या रांगेत, रस्त्यात पाकीट पडलेल्या अनोळखी माणसाला मागून ‘अहो’ म्हणूनच हाक मारतात, हे कळायला गल्ली लागते. शुभ्राच्या मराठीला गल्ली नव्हती.

तिने फोन निखिलला नेऊन दिला. त्याने पाठ फिरवून मेसेज ऐकला, फोन बंद केला आणि ऑफिसच्या बॅगेत टाकला. “लीव्ह इट, शुभ्रा. क्लायंट असेल. आईला बोलू नकोस.” नवरा वडिलांचं काहीतरी झाकतोय, एवढं कळायला तिला शब्दकोश लागला नाही. ओझं एकटीने पेलवेना म्हणून तिने ते कुमुदआत्यांच्या कानात उतरवलं. ती बाई बाबांना अहो म्हणते, पेज करून ठेवते, घरी सांगू नका म्हणते. आवाज काही आत्यांनी ऐकला नव्हता. सून सांगते आहे म्हणजे ते बायको नवऱ्याला म्हणते तसलं ‘अहो’ असणार, असंच कुठल्याही शहाण्या बाईला वाटलं असतं.

*

जेवणं झाली आणि निखिल खुर्च्या लावून घ्यायला खाली हॉलमध्ये गेला. सुनेत्राबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ताटं विसळणाऱ्या शुभ्राला आणि ती विसळते आहे ते बघणाऱ्या आत्यांना बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या.

आत्यांनी, मी बोलणार नव्हते पण, अशी सुरुवात करून सगळं सांगितलं. बोलायचं नव्हतं त्या मानाने काहीच गाळलं नाही. शुभ्रा नळाखाली तीच ताटली धूत राहिली.

सुनेत्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भलताच शब्द धरला. “पेज?”

“पेज,” आत्या म्हणाल्या. “राजाला लहानपणापासून सकाळी पेज लागायची. तू कधी केलीस?”

“वन्सं, पेज आजारी माणसाला देतात.”

“तुमच्याकडे देत असतील. आमच्या अलिबागला घरात गडगंज असलेलेही सकाळी पेजच जेवायचे. आणि नुसती पेजेची गोष्ट नाही ही. त्याला बांधून ठेवलंस तू. बायपास झाली, डॉक्टरांनी पळू नका म्हटलं, चालू नका तर नव्हतं म्हटलं? तू सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीस. मैदानात पाऊल टाकणार नाही म्हणून. ज्याचा जन्म मैदानात गेला त्याला घरात बसवलंस की त्याचं मन दुसरीकडे जाणारच.”

हे मात्र लागलं. कारण ते सगळं खरं होतं. नातीच्या डोक्यावर हात ठेवून राजाभाऊंनी शपथ घेतली होती. मग हसून म्हणाले होते, वकिलाकडून शपथ घेतेस, पळवाट शोधली तर? इथल्या कोर्टात परदेशी वकिलाला उभं राहून बोलता येत नाही, मागे बसून कागद तयार करायचे. यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, कोर्टात उभं राहता येत नाही म्हणून मी मैदानात उभा राहतो. ते मैदानही आपण काढून घेतलं, हे सुनेत्राबाईंना तेव्हाही कळत होतं. पण माणूस जिवंत हवा होता. त्यांनी पुन्हा तेच केलं असतं.

शुभ्राने नळ बंद केला. आठवडाभर ती आत्यांच्या बाजूला होती, निदान आत्यांना तसं वाटत होतं. आता ती हात पुसत सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“आत्या, दिस इज नॉट फेअर. आईंनी काळजी केली म्हणून बाबा दुसरीकडे गेले, असं कसं म्हणता? मग उद्या निखिलने काही केलं तर तो पण माझा फॉल्ट?”

“निखिलचं मी काही बोलले नाही.”

“निखिलला माहीत आहे,” सुनेत्राबाई मध्येच म्हणाल्या. “ती बाई कोण ते त्याला माहीत आहे. हे गेल्यापासून तो माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. आधी वाटलं दुःखाने. दुःखाने माणूस आईकडे बघायचं टाळत नाही.”

*

निखिल खाली खुर्च्या मोजून लावत होता आणि पुन्हा विस्कटत होता. त्याला खरंच माहीत होतं.

बाई होती रशीदा. तिचा नवरा खैरुद्दीन दापोलीकडचा. कधीकाळी फुजैराला अडकलेल्या एका जहाजावर होता, राजाभाऊंनी उतरवला. पुढे त्याला खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर काम लागलं, बायको आली. त्यांच्या घरामागे मोकळी जागा होती आणि तिथे शनिवारी सकाळी बंदरातली रत्नागिरी-रायगडची पोरं कबड्डी खेळायची. राजाभाऊ आधी बघायला गेले, मग शिट्टी घेऊन पंच म्हणून उभे राहिले, आणि मग एक दिवस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चढाईला गेले.

निखिलला हे कळलं ते न्हाल्यावरही बाबांच्या घोट्याला उरलेल्या चुन्यावरून. गेल्या वर्षी तो संतापून खोर फक्कानला गेला होता, बाबांना ओढून आणायला. गाडीतून उतरला आणि समोर बाबा चढाईला निघाले होते. दम धरून, वाकून, हात पुढे. त्यांच्या निम्म्या वयाच्या पोरांना त्यांनी हूल दिली, एकाच्या गुडघ्याला बोट लावलं आणि मध्यरेषेकडे परत फिरले. चेहरा असा की निखिलने तो लहानपणीच्या फोटोंतही पाहिला नव्हता. तो रागवायचं विसरला. त्याने टाळ्या वाजवल्या.

“आईला सांगू नकोस,” बाबा धापा टाकत म्हणाले, “ती माझ्यासकट सगळ्या टीमवर केस करेल.” निखिलने सांगितलं नाही. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. पण त्याची नोकरी मालवाहतुकीची. त्याने दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामातून कबड्डीच्या जुन्या मॅट शोधल्या आणि पिकअपने खोर फक्कानला पाठवून दिल्या. बाबांचे गुडघे फुटू नयेत म्हणून. ते केल्यावर त्याला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

आता एका वाक्याचं काम होतं. ‘बाबा कबड्डी खेळायला जायचे,’ एवढं म्हटलं की त्या मेलेल्या माणसावरचा सगळा चिखल धुऊन निघाला असता. पण त्या वाक्याच्या मागे आईचं वाक्य आलं असतं, तुला माहीत होतं आणि तू जाऊ दिलंस. ते ऐकायची त्याची छाती नव्हती. बाबा गेले, त्यांचं आता काय बिघडणार, मला मात्र आईबरोबर राहायचंय, असं तो मनाला समजावत होता. आईला आपण काय सोसायला लावतो आहोत याचा विचार मनात आला की तो खुर्च्यांची ओळ बदलायचा.

*

सभेला माणसं बरीच आली. मंडळाची, बॅडमिंटनची, ऑफिसची. स्लाइड-शो लागला. अलिबागच्या शाळेच्या संघात उघडे राजाभाऊ, काळ्या कोटातले राजाभाऊ, तान्ह्या निखिलला एका हातात आणि बॅट दुसऱ्या हातात धरलेले राजाभाऊ. लोक हळहळले. पहिल्या रांगेत सुनेत्राबाई नवऱ्याचे फोटो परकी माणसं बघावीत तसे बघत होत्या.

शुभ्रा दाराशी पाहुण्यांना बसवत होती. लिफ्टपाशी वॉचमनला कोणी तरी विचारत होतं, “अहो, पार्टी हॉल हाच का?” नेपाळी वॉचमनला कळलं नाही. बाई पुढे आली. काळा बुरखा, डोक्यावर फुलाफुलांची ओढणी, मागे नवरा, चापून इस्त्री केलेल्या शर्टात. स्पीकरची वायर जोडणाऱ्या फिलिपिनो मुलाला ती म्हणाली, “अहो, जरा वाट द्या.” आणि मग शुभ्राला, “अहो ताई, सबनीस वकिलांचं हेच ना?”

आवाज शुभ्राने ओळखला. अंगावर काटा आला, पण काटा पुरता यायच्या आधीच डोक्यात दुसरंच काही तरी शिरलं. तिने त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि पहिल्या रांगेत सुनेत्राबाईंशेजारी बसलेल्या आत्यांच्या वाकून कानाला लागली.

“आत्या, तीच आहे. पण ती तर सगळ्यांनाच अहो म्हणते. वॉचमनला पण.”

“मग वॉचमनला काय अरे म्हणेल? अनोळखी माणसाला अहोच म्हणतात.”

“रिअली?”

आत्यांनी सुनेकडे पाहिलं. मग आठवडाभर आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवायला लागलं. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या, “तू मला सांगितलंस काय आणि मी समजले काय.”

सुनेत्राबाईंनी हे ऐकलं होतं. त्यांचं समाधान झालं नाही. ‘अहो’चं ठीक आहे, पण घरी बोलू नका याचं काय? न्हाऊन येण्याचं काय? त्या उठल्या आणि मागच्या रांगेकडे चालू लागल्या. मंडळाचे अध्यक्ष बोलत होते, त्यांचं वाक्य अर्ध्यावर लोंबकळलं. निखिल माईकपासून धावत आला.

“आई, यल्ला, आपण स्टार्ट करूया. गेस्टना नंतर भेटू.”

“बस तिथे,” सुनेत्राबाई म्हणाल्या. तो बसला.

खैरुद्दीन उठून उभा राहिला. सभेचा मेसेज फिरत फिरत बंदरापर्यंत आल्याचं आणि वकीलसाहेबांमुळे आपण कसे जहाजावरून उतरलो ते त्याने हिंदी-मराठीत सांगायला घेतलं, पण सुनेत्राबाईंचं लक्ष त्याच्या बायकोकडे होतं.

“हॉस्पिटलमध्ये तुम्ही होतात?”

“मीच होते वहिनी. हे ड्युटीवर होते. मीच गाडी काढली.” रशीदाचे डोळे आधीच भरले होते. “तुम्ही माझ्यावर रागावला असाल, मला माहितेय. वकीलसाहेब म्हणायचे, बायकोला कळलं तर आधी तुला धरेल, खेळून झाल्यावर न्हायला गरम पाणी तू देतेस, पेज तू वाढतेस, तुझ्या जिवावर माझं चाललंय. मी दर वेळेला सांगायची, घरी काय बोलू नका. माझ्यावर येईल.”

“खेळून?”

“कबड्डी, वहिनी.” रशीदा गोंधळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग निखिलकडे. “तुम्हाला सांगितलं नाय कोणी?”

सुनेत्राबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. तीन आठवडे छातीवर ठेवलेलं काहीतरी हलत होतं. गरम पाणी, पेज आणि कबड्डी. त्या हसतील की काय असं शुभ्राला वाटलं. आपला माणूस आपलाच होता, शपथ मोडणारा, खोटं बोलणारा, पण आपलाच. त्यांना इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली.

“मग थांबला का नाहीत?” त्यांनी विचारलं, आता मऊपणे. “मी आले तर तुम्ही नव्हता. मला भेटायला हवं होतं हो तुम्ही.”

“थांबणारच होते. मी ह्यांना फोन केला ना,” तिने निखिलकडे बोट दाखवलं, “मॅट धाडली तेव्हापासून नंबर होता माझ्याकडे. तेच म्हणाले, आई येतेय, तुम्ही निघा, तिच्यासमोर येऊ नका. मला वाटलं, तुमची इच्छा असेल.”

रशीदाने हे अगदी साधेपणाने सांगितलं. कुणाचं काही उघडं पाडतो आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. शुभ्राने नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. आत्या काही बोलायला गेल्या आणि पदराने ओठ पुसायला लागल्या.

सुनेत्राबाई मुलाकडे बघत होत्या. या वेळी त्याला नजर चुकवता आली नाही. त्याला रडू फुटलं होतं, पण त्यांना ते आता कुठल्या खात्यात टाकावं कळेना. याने मॅट पाठवली, याने बाईला पळवलं आणि मग तीन आठवडे समोर बसून आपल्याला बापाबद्दल नाही नाही ते विचार करू दिले. संशय तसाच त्यांच्यासमोर उभा राहिला, त्याचा धनी तेवढा बदलला.

माईकवर अध्यक्षांनी घसा खाकरला. “सुनेत्रावहिनी, आपण दोन शब्द...”

हॉल वळून बघायला लागला. निखिलने मान हलवली, नको म्हणून. सुनेत्राबाई उठल्या, पुढे गेल्या आणि माईक नीट करायला आलेल्या मुलाला हाताने बाजूला केलं.

“आमचे हे कसे गेले, असं बऱ्याच जणांनी विचारलं,” त्या म्हणाल्या. “कबड्डी खेळताना गेले. खोर फक्कानला. दर शनिवारी जायचे. डॉक्टरांची परवानगी नव्हती. माझी होती.”

आत्यांनी चमकून वर पाहिलं.

“मीच म्हटलं होतं, जा. खेळल्याशिवाय हा माणूस राहायचा नाही, हे मला लग्नाच्या दिवशी कळलं होतं. सीमांतपूजनाला नवरदेव सापडेना, तो मागच्या अंगणात पोरांत खेळत होता, सोवळ्यात. माझे वडील म्हणाले, बघ अजून विचार कर. मी म्हटलं, असू दे. तर आता कुणी असं म्हणू नये, की घरच्यांना माहीत नव्हतं, की कुणी लक्ष दिलं नाही. मला माहीत होतं. काही चुकलं असेल तर माझं चुकलं. इतरांचा काही संबंध नाही.”

बॅडमिंटनवाल्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली आणि ओशाळून थांबलं. मग सगळ्यांनीच वाजवल्या. निखिल दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. आईने त्याला सगळ्यांदेखत सोडवलं होतं आणि ती खोटं बोलली हे त्या हॉलमध्ये पाच माणसांना कळलं होतं.

सुनेत्राबाई पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. त्या मागे येऊन रशीदाशेजारी बसल्या. निखिल उठून आला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसला.

“आई,” तो म्हणाला, “थँक्स कसं म्हणू? आय ॲम सो सॉरी.”

त्या समोर बघतच म्हणाल्या, “एवढंच सांग. जाताना त्यांना त्रास झाला का रे?”

“नाही आई. अजिबात नाही. रेषेपर्यंत परत आले आणि पटकन गेले. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना.”

त्यांनी मान हलवली. मग त्या दुसऱ्या बाजूला वळल्या आणि रशीदाला तोच प्रश्न विचारला.

रशीदाने निखिलकडे पाहिलं नाही. “झाला वहिनी,” ती म्हणाली. “गाडीत झाला. माझा हात धरून होते नि तुमचं नाव घेत होते.”

तेव्हा सुनेत्राबाई रडल्या. त्यांनी रशीदाचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सभा संपून खुर्च्या उचलायला माणसं आली तरी सोडला नाही.